आधी बहिणीचं बोलू, मग श्रद्धेचं

प्रिय ताई,

मी अठरा वर्षांची आहे, बारावीत शिकते. चौदाव्या वर्षी, तालिबानच्या गोळीतून वाचलेल्या पाकिस्तानच्या मलाला युसुफझाईचं भाषण ऐकलं आणि त्या रात्री ठरवलं की आपणही मुलींच्या शिक्षणासाठी काही करायचं. आम्ही पाच-सहा जणांनी गट केला. भाषणं करतो, फलक रंगवतो, फेऱ्या काढतो. माझी देवावर श्रद्धा आहे, रोज प्रार्थना करते, आणि मला या कामाचं बळ तिथूनच मिळतं. गटातल्या मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात, धर्मानेच मुलींना घरात कोंडलं, मग तू प्रार्थनाही करतेस आणि मुक्तीच्याही गोष्टी करतेस, हे ढोंग आहे.

दुसरीकडे, माझ्या चुलत बहिणीची शाळा आठवीनंतर थांबली. काका म्हणाले, वयात आलेल्या मुलीने लांब शिकायला जाणं आपल्या धर्मात बसत नाही. मी सगळ्यांसमोर धर्मग्रंथातली वचनं काढून त्यांच्याशी वाद घातला. ते एवढे चिडले की आता बहिणीशी मला बोलूही देत नाहीत. गटाला मी जुनाट वाटते, घरच्यांना बिघडलेली. मी काय सोडू, श्रद्धा की काम? आणि खरं सांगायचं तर मलालासारखं धैर्य माझ्यात नाही.

तुमची एक वाचक

---

प्रिय मुली,

श्रद्धाही सोडू नकोस आणि कामही सोडू नकोस. हे उत्तर आधीच देऊन टाकते, कारण तुझा सगळा जीव त्या प्रश्नात अडकला आहे आणि मला तुला दुसरीकडे न्यायचं आहे.

तुझ्या पत्रात तू आहेस, तुझे मित्र आहेत, काका आहेत, मलाला आहे. बहीण मात्र जेमतेम दोन-तीन ओळींपुरती येते. तिला शाळेत काय आवडायचं, आता ती दिवसभर काय करते, तिला परत जायचंय का, यातलं काहीच तू लिहिलं नाहीस. मी तुला दोष देत नाही. नव्याने चळवळीत आलेल्या बहुतेकांचं असं होतं; मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलता बोलता समोरची मुलगी मागे पडते. म्हणून आधी तिचं बोलू. तुझ्या श्रद्धेचा प्रश्न खरा आहे, पण तो चार महिने थांबला तरी बिघडणार नाही. आठवीनंतर घरी बसलेल्या मुलीचे चार महिने म्हणजे पुन्हा वर्गात बसायचा धीरच जाणं. शाळा सुटली की सवय सुटते, मैत्रिणी पुढच्या वर्गात जातात, आणि मग ती स्वतःच म्हणायला लागते की मला नाही जायचं.

काका म्हणाले, धर्मात बसत नाही. त्यांना मनापासून तसं वाटत असेलही. पण मुली माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर गळतात तेव्हा, कुठल्याही देशात आणि कुठल्याही धर्माच्या घरात, त्यामागची कारणं थक्क व्हावं इतकी सारखी असतात. प्राथमिक शाळा घराजवळ असते, पुढची शाळा लांब असते. रस्त्यात कुणीतरी त्रास देतं. मुलगी घरी सांगते आणि तिचं जाणं बंद होतं, किंवा जाणं बंद होईल म्हणून ती सांगतच नाही. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह नसतं, असलं तर दाराला कडी नसते, कडी असली तर पाणी नसतं. मग पाळीच्या दिवसांत ती घरी राहते, दर महिन्याला काही दिवस बुडतात, गणिताचा धागा तुटतो, गुण घसरतात आणि घरात वाक्य येतं: ‘हिला अभ्यासात गतीच नाही.’ धाकट्या भावंडाकडे बघायला कुणी नसतं. प्रवासाचा, वह्यांचा, गणवेशाचा खर्च झेपत नाही, आणि दोघांपैकी एकालाच पुढे पाठवता येईल अशी वेळ आली की पारडं मुलाकडे झुकतं.

यातली बरीचशी कारणं बापाच्या तोंडून सहज बाहेर पडत नाहीत. पैसे पुरत नाहीत म्हणायला लाज वाटते. मला भीती वाटते म्हणायला त्याहून जास्त. ‘धर्मात बसत नाही’ म्हटलं की मान ताठ राहते आणि पुढे कुणी काही विचारत नाही. तुझ्या काकांचं असंच आहे असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण तूही अजून शोधलेलं नाहीस. तू थेट धर्मग्रंथ उघडलास. तुझी सगळी वचनं बरोबर असतील, तरीही रस्त्याच्या भीतीला धर्मग्रंथातलं वचन हे उत्तर होत नाही.

बेगम रुकैया सखावत हुसेन यांची एक हकीकत तुझ्या गटात सगळ्यांनी मिळून वाचावी अशी आहे. जन्म १८८० चा, बंगालमधल्या पायराबंदचा. लहानपणी मोठ्या भावाने त्यांना घरच्यांच्या नकळत, रात्री सगळे झोपल्यावर बंगाली आणि इंग्रजी शिकवलं. पतीच्या मृत्यूनंतर त्यांनी त्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. ती १९११ मध्ये कोलकात्यात सुरू झाली तेव्हा पटावर आठ मुली होत्या. मुली मिळवण्यासाठी त्या घरोघर जात, आयाबापांना समजावत. पडदा मोडणार नाही असा शब्द द्यायचा, तर मुलींना ने-आण करणारी गाडी चहूबाजूंनी बंद हवी. तशी गाडी आली. आत एवढा अंधार आणि उकाडा की मुली घाबरायच्या, त्यांना मळमळायचं. आईबापांची तक्रार आली. मग झडपा उघडून तिथे कापडी पडदे लावले. तर पत्रं आली की वाऱ्याने पडदे उडतात, मुली दिसतात, हे धर्माला सोडून आहे! हा सगळा छळ त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पडद्याच्या अतिरेकावर त्यांच्याइतकं जळजळीत लिहिणारं त्या काळात क्वचितच कुणी होतं, आणि तरी सकाळी गाडीचे पडदे नीट लागलेत ना हे बघायला त्या तयार होत्या. कारण गाडी निघाली नाही तर मुली येणार नाहीत, आणि मुली आल्या नाहीत तर लिहिण्या-बोलण्याला काही अर्थ उरणार नाही. १९३२ मध्ये मरण येईपर्यंत त्यांनी ती शाळा चालवली.

काही तरुण मित्रांना यात शरणागती दिसते. मला दिसत नाही. जी तडजोड मुलीला वर्गापर्यंत पोचवते ती करावी, आणि जी तिला वर्गापासून दूर ठेवते ती करू नये. ‘घरीच शिकेल, कशाला शाळा’ हे मान्य करू नकोस. ‘सोबतीला कुणी असेल तर जाऊ दे’ हे लगेच मान्य कर आणि सोबत शोधायला लाग.

म्हणून आता काकांकडे जाऊ नकोस, काकूकडे जा. तुझ्या पत्रात काकू नाहीच, याचं मला नवल वाटलं. मुलीची पाळी, रस्ता, शाळेतला एखादा शिक्षक, घरातला हिशेब, हे सगळं आईला माहीत असतं, आणि नवऱ्याला कुठल्या वेळी काय सांगितलं की पटतं हेही तिलाच कळतं. तिला काही पटवायला जाऊ नकोस. तिच्या हाताशी बस, काम कर आणि विचार: नक्की काय झालं? मग ऐक. कदाचित तीच म्हणेल की बरं झालं शाळा सुटली. तेही ऐकून घे. स्वतः शाळेत न गेलेल्या बाईला लेकीच्या शाळेतून काय मिळणार हे डोळ्यांपुढे आणता येत नाही, यात तिचा काय अपराध? मलालाची आई तूर पेकाई लहानपणी थोडेच दिवस शाळेत गेली आणि मग शाळा सुटली. वाचायला-लिहायला ती मोठेपणी, मुलं वाढवल्यावर शिकली. लेक जगाला शिक्षणाचं महत्त्व सांगत होती त्याच काळात आई अक्षरं गिरवत होती. तुझ्या काकूलाही शिकावंसं वाटत असेल, कुणी विचारलं नसेल.

काकांची माफी माग. मतासाठी नाही, पद्धतीसाठी. चारचौघांत पुतणीने वडीलधाऱ्याला धर्मग्रंथ दाखवून गप्प केलं, की त्या माणसाला माघार घ्यायला जागा उरत नाही. उद्या त्यांचं मन बदललं तरी ते मुलीला पाठवणार नाहीत, कारण मग सगळे म्हणतील की पोरीने हरवलं. त्यांना तो बदल स्वतःचा म्हणून करता यावा एवढी वाट मोकळी ठेव. एकटे असताना सांग: ‘काका, मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. माझं मत तेच आहे, पण तुमची काळजी काय आहे ती मला सांगा.’ मतापासून तसूभर हलू नकोस.

इथे तू सावित्रीबाईंचं उदाहरण देशील. दे, ते द्यायलाच हवं. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या आजारपणामुळे माहेरी, नायगावला होत्या. तिथे भावाने सुनावलं की तू आणि तुझा नवरा महारामांगांसाठी कामं करता, कुळाला बट्टा लावता. जातरूढीने चाला, भट सांगतील तसं वागा. सावित्रीबाईंनी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं आणि ते सगळं जोतिरावांना पत्रात कळवलं. ते उत्तर काय होतं ते नीट पाहा. शेळी-गाईला तू जवळ घेतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, आणि तुझ्यासारख्याच माणसांना मात्र अस्पृश्य मानतोस, असा त्याचा रोख होता. त्यांनी भावाला श्लोक ऐकवले नाहीत. त्याच्याच रोजच्या जगण्यातली, त्याच्याच हाताने घडणारी गोष्ट त्याच्यापुढे ठेवली. नागपंचमीचं नाव निघालं ते त्याच्या श्रद्धेला हिणवायला नाही, त्या श्रद्धेतली दया माणसांपर्यंत का पोचत नाही हे विचारायला. त्याच पत्रात शाळेत सोबत काम करणाऱ्या फातिमाचा उल्लेख आहे: आपण नसल्यामुळे तिच्यावर कामाचा ताण येत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. माहेरच्या वादळातही सावित्रीबाईंचं लक्ष शाळेत कुणाला किती काम पडतंय याकडे होतं.

धर्मग्रंथाच्या आधाराने लढू नये असं मात्र माझं म्हणणं नाही. कधी कधी तोच एक मार्ग असतो. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं तेव्हा त्यांना उडुपीला धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रांमधून आधार गोळा केले आणि स्त्रीला शिकवण्यात अधर्म नाही हे विद्वानांपुढे मांडलं. पुढे त्याच आईने रमाबाईंना शिकवलं. पण अनंतशास्त्रींचा त्या सभेत अधिकार होता. शास्त्र ही त्यांची हयातभराची साधना होती. तुझा अभ्यास अजून व्हायचा आहे, आणि झाला तरी काकांच्या लेखी तू घरातली पोरच. तेव्हा काका ज्यांचा शब्द मानतात अशी धर्म जाणणारी व्यक्ती शोध. असं माणूस बहुतेक ठिकाणी असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं. डिसेंबर २०२२ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानने मुलींसाठी विद्यापीठंही बंद केली, माध्यमिक शाळा तर आदल्या वर्षापासूनच बंद होत्या. तेव्हा कैरोच्या अल-अझहर या मोठ्या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी जाहीरपणे सांगितलं की ही बंदी इस्लामी शरियतच्या विरोधात आहे. बाहेरच्या हजार निषेधांनी जो प्रश्न उभा राहत नाही तो आतल्या एका अधिकारी आवाजाने उभा राहतो. तालिबानने ऐकलं नाही, हेही खरं. पण ‘आम्ही धर्मासाठी करतो’ हे म्हणणं तेव्हापासून निर्विवाद राहिलेलं नाही, आणि जगभरातल्या कितीतरी बापांना त्यातून लेकीला शाळेत पाठवायला बळ मिळालं असेल असा माझा विश्वास आहे.

आता तुझे मित्र.

त्यांचा राग पोकळ नाही, आणि तो तू मनावर घ्यावास असं मला वाटतं. धर्माचं नाव घेऊन मुलींना अक्षरांपासून दूर ठेवलं गेलं हा इतिहास आहे. स्त्रीने वाचलं तर अनर्थ होईल असं सांगणारे लोक आपल्याच समाजातले होते, आणि ते देवाची शपथ घेऊन सांगत होते. तुझी श्रद्धा खरी असेल तर हे ऐकून ती रुसणार नाही. ‘तो खरा धर्मच नव्हे’ असं म्हणून हात झटकू नकोस. ज्या मुलींचं आयुष्य त्यात गेलं त्यांना त्या वाक्याचा काही उपयोग नाही. प्रत्येक परंपरेत दार उघडणारे आवाज आहेत आणि दार बंद करणारेही. तुला पहिल्या आवाजांच्या बाजूने उभं राहायचं आहे, दुसरे नाहीतच असं भासवून नव्हे.

पण श्रद्धा सोडल्याशिवाय हे काम प्रामाणिकपणे होत नाही, हे त्यांचं म्हणणं चूक आहे. मलालाचंच घे, जिच्यामुळे तुमचा गट जमला त्या मलालाचं. १२ जुलै २०१३ ला, सोळाव्या वाढदिवशी, ती संयुक्त राष्ट्रांत बोलली. माझ्यावर गोळी झाडणाऱ्याचाही मला द्वेष वाटत नाही, असं तिने सांगितलं आणि ही करुणा आपण दयेचे प्रेषित मुहम्मद, येशू ख्रिस्त आणि भगवान बुद्ध यांच्याकडून शिकलो असं म्हटलं. अहिंसेसाठी गांधीजी, बादशाह खान आणि मदर तेरेसा यांची नावं घेतली. पुढच्या वर्षी ओस्लोत नोबेल स्वीकारताना तिने अतिरेक्यांना त्यांच्याच धर्मग्रंथाची आठवण करून दिली. जानेवारी २०२५ मध्ये इस्लामाबादला मुस्लीम समाजांतल्या मुलींच्या शिक्षणावर परिषद झाली, तिथे मुस्लीम देशांच्या नेत्यांसमोर उभं राहून ती म्हणाली की तालिबान जे करतंय त्यात इस्लामी असं काहीच नाही. तिच्या कामातून श्रद्धा वजा केली तर जी उरेल ती दुसरीच कुणी मुलगी असेल. जोतिरावांकडेही मित्रांचं लक्ष वेधून दे. पुरोहितशाहीवर त्यांच्याइतका कठोर प्रहार कुणी केला? तरी त्यांनी ‘निर्मिक’ सोडला नाही. सर्वांचा निर्माता एक आहे, मग त्याची लेकरं उच्चनीच कशी, हाच त्यांच्या विचारांचा कणा होता, आणि आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या, मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचं नाव त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ असं ठेवलं.

मित्रांना हे सांगशील तेव्हा एक पथ्य पाळ. श्रद्धा नसलेली माणसंही हे काम तितक्याच निष्ठेने करतात, आणि तुझ्या गटातले तुझे मित्र त्यांपैकीच आहेत. प्रार्थनेतून तुला बळ मिळतं, त्यांना दुसरीकडून मिळतं. बळ कुठून येतं याची तपासणी एकमेकांनी थांबवा.

आणि त्याहून मोठं पथ्य पुढे आहे. एरवी मी तरुणांना एवढ्या आग्रहाने काही सांगत नाही, पण हे सांगते. तुझी श्रद्धा तुझ्या बळासाठी आहे. ज्या मुलींसाठी तू काम करशील त्यांच्यावर तिचं ओझं पडता कामा नये. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात नेलं. त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, सदनात मात्र मुलींनी आपापला धर्म पाळावा असं ठरलेलं होतं. पुढे काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, बाहेर गहजब झाला, १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलावलं नाही, माझ्या खोलीचं दार उघडं होतं. मी त्यांच्यावर अविश्वास दाखवत नाही. त्यांच्याइतकं विधवांसाठी झिजलेलं माणूस शोधून सापडणार नाही. पण त्या भांडणात शिक्षण कुणाचं थांबलं, तर ज्यांना नेलं त्या मुलींचं. म्हणून तू ज्या मुलीला शिकवशील तिने प्रार्थना करावी की नाही हा प्रश्न तुझ्या वर्गात कधीही यायला नको. तुझ्या धर्माची असली तरी नाही.

तुझं शेवटचं वाक्य होतं की मलालासारखं धैर्य माझ्यात नाही. या वाक्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. तरुण मुली तिच्याकडे बघतात तेव्हा त्यांना ९ ऑक्टोबर २०१२ ची शाळेची गाडी दिसते, गोळी दिसते, आणि मग वाटतं की आपल्याला हे जमणार नाही. कुणालाच जमू नये ते. एखाद्या मुलीला वर्गात जायला गोळी झेलावी लागणं हे जगाचं अपयश आहे, तो धैर्याचा मापदंड होऊ शकत नाही. तिच्याकडून घ्यायचं ते त्या दिवसाच्या आधीचं आहे. पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यातल्या मिंगोऱ्यात वडील झियाउद्दीन शाळा चालवायचे आणि लेकीला इतरांसमोर बोलू द्यायचे. १५ जानेवारी २००९ पासून मुलींच्या शाळा बंद असं तालिबानने फर्मान काढलं, तेव्हा अकरा वर्षांची मलाला ‘गुल मकई’ या टोपणनावाने बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी सांगत होती: आज वर्गात किती मुली आल्या, गणवेश घालू नका असं का सांगितलं, रस्त्यात कशाची भीती वाटली. तिने आपल्या वर्गाची हजेरी जगाला वाचून दाखवली. तेवढं तुझ्या गटालाही जमेल. तुमच्या आसपास आठवीपर्यंत शिकलेल्या किती मुली नववीच्या वर्गात दिसत नाहीत, याची यादी तुमच्याकडे आहे का? नसेल तर पुढची फेरी रद्द करा आणि तो वेळ या यादीला द्या. प्रत्येक नावापुढे कारण लिहा, अंदाजाने नाही, त्या घरी जाऊन, ऐकून. पंधरा नावांपुढे पंधरा वेगळी कारणं निघतील. मग कोणी कुणाला सोबत करायची, कुणाला गणित शिकवायचं, कुठल्या शाळेत कडीसाठी मुख्याध्यापकांना भेटायचं, कोणत्या मुलीचा दाखला अडलाय, हे सगळं आपोआप ठरेल. फलक रंगवण्यापेक्षा हे काम कमी दिसतं आणि जास्त दमवतं.

शाळेपर्यंत मुलगी येऊच शकत नसेल तर शिक्षणाने तिच्यापर्यंत जायचं, हेही श्रद्धेच्या माणसांनी पूर्वी करून ठेवलं आहे. आजच्या नायजेरियातल्या सोकोतोत नाना अस्माऊ नावाची विदुषी, कवयित्री होऊन गेली, १७९३ ते १८६४. धर्मगुरूची मुलगी, स्वतः धर्माची जाणकार. घर सोडता न येणाऱ्या बायकांसाठी तिने बायकांमधूनच शिक्षिका तयार केल्या. त्या खेडोपाडी जात, सोबत अस्माऊच्या कविता नेत, कारण कविता पाठ होते आणि कागद नसला तरी शिकवता येते. तुझ्या बहिणीच्या शाळेचं ठरेपर्यंत तुझी जुनी नववीची पुस्तकं काकूच्या हाती देऊन ठेव. तुला तिच्याशी बोलू देत नाहीत, पुस्तकं बोलतील. गटातली एखादी मुलगी, जिच्यावर काकांचा राग नाही, आठवड्यातून थोडा वेळ जाऊ शकली तर फारच छान.

दोन गोष्टी मात्र करू नकोस. बहिणीची कहाणी भाषणात सांगू नकोस, नाव बदलूनही नाही, आणि तिचा फोटो गटाच्या कुठल्याही कामात वापरू नकोस. घरच्यांना कळलं तर दार कायमचं बंद होईल, आणि तसंही ती कहाणी तिची आहे, तिला सांगावीशी वाटेल तेव्हा ती सांगेल. दुसरं, तिला मारहाण होतेय, घाईने लग्न ठरवतायत, किंवा ती स्वतः घाबरून तुझ्याकडे निरोप पाठवतेय, असं काही कळलं तर वर सांगितलेला सबुरीचा सगळा सल्ला बाजूला ठेव आणि त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला आणि बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या यंत्रणेला सांग. तिथे काकांच्या मानाचा प्रश्न उरत नाही.

राहिली तुझी बारावी. पत्रात तू तिचा उल्लेख एका शब्दात केलास आणि पुढे गेलीस, म्हणून काळजी वाटते. गटाची कामं, घरातला ताण, रात्रीचे वाद, यात तुझाच अभ्यास मागे पडत असेल तर आज थांब आणि वेळापत्रक बदल. सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या त्या आधी स्वतः शिकून, अहमदनगर आणि पुण्याला शिक्षिकेचं प्रशिक्षण घेऊन. १० ऑक्टोबर २०१४ ला नोबेल जाहीर झालं तेव्हा मलाला बर्मिंगहॅमच्या शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला बसली होती. शिक्षिकेने बाहेर बोलावून बातमी सांगितली. त्यानंतर ती भौतिकशास्त्राच्या आणि इंग्रजीच्या तासाला बसली, शाळा सुटल्यावर मग पत्रकारांना भेटली. तुझी परीक्षा संपेपर्यंत यादीचं काम गटातल्या इतरांनी करावं, तू फक्त काकूकडे जाऊन ये. आणि काका पुन्हा कधी तुझ्याशी शिक्षणावरून बोलायला लागले तर तुझ्याकडे दाखवायला निकाल असू दे.

तुझी,
ताई